खारीकच्या पेटीतला उजवा कोपरा

आमच्या पाळलेल्या सापाच्या, खारीकच्या, पोटावरचे चार खवले गुलाबी दिसले, तो दिवस शुक्रवार होता. ३ डिसेंबर २०२१. दर शुक्रवारी अर्णव तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एका डब्यात ठेवायचा आणि वहीत ग्रॅम लिहायचा. त्या दिवशी डब्यात ठेवताना ती हातातच उलटली आणि तो म्हणाला, "आई, इथे काय झालंय?" आडवे, रुंद, एरवी तांदळासारखे पांढरे असणारे खवले. त्यातले चार गुलाबी आणि कडेला किंचित तपकिरी. बोट लावलं तर तिने अंग आखडून घेतलं.

खारीक म्हणजे आमची रॉयल पायथन, अजगराची एक जात. अमेरिकेत हिलाच बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरली की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करते. मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, घाना, टोगो, बेनिन या भागातली. तिथे ती उंदरांच्या बिळांत, वारुळांत दिवस काढते. आमची तेव्हा दोन वर्षांची होती. रंग सुकलेल्या खारकेचा, म्हणून अर्णवने ते नाव ठेवलं. तो चौदा वर्षांचा होता आणि दीड वर्ष हट्ट धरून, वाचून, टिपणं काढून त्याने आम्हाला तयार केलं होतं. आम्ही इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातल्या एका लहान गावात राहतो. इथे या जातीसाठी परवाना लागत नाही. पण २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळलेल्या जनावराच्या गरजा भागवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. आपल्याकडचा कोणताही साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी जातींनाही आता नोंदणी लागते. साप आवडतो म्हणून धामण बरणीत ठेवणारी मुलं मी मिरजेकडे लहानपणी पाहिली आहेत. तसं कुणी करू नये.

आता माझं काम काय ते सांगते, कारण त्याशिवाय त्या गुलाबी खवल्यांचं मला का इतकं लागलं ते कळणार नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. कारखान्यातल्या भट्ट्या, टाक्या, पाइपलाइन यांचं तापमान मोजणारे आणि आवरणारे सेन्सर, कंट्रोलर हे माझं रोजचं काम, वीस वर्षांपासूनचं. आणि माझ्या घरात, मी स्वतः मांडलेल्या पेटीत, सापाचं पोट भाजलं.

पेटी जुनी घेतली होती, चार फूट लांब, लाकडी, पुढे सरकत्या काचा. आधीच्या मालकाने उजव्या बाजूला तळावर हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, अंथरलेली होती, कारण लाकडी तळ जाड असतो आणि मॅट खालून लावली तर ऊब वर पोचत नाही. मॅटवर एक पातळ प्लास्टिकचा थर, त्यावर लाकडाच्या भुशाचं दोन इंच अंथरूण. उजव्या कोपऱ्यात सापाला आत शिरून बसायला मातीचं एक लपण, डाव्या बाजूला पाण्याचं भांडं आणि प्लास्टिकची वेल. मॅट चालू-बंद करून तापमान आवरणारा थर्मोस्टॅट साधा, गोल खुंटी फिरवून आकडा लावायचा, मॅट चालू असली की लाल दिवा लागायचा. त्याचा सेन्सर वायरच्या टोकाला, आणि ती वायर मागच्या भिंतीवर रबरी चोषकाने चिकटवलेली. मी खुंटी ३१ वर लावली, काट्याच्या थर्मामीटरवर नजर टाकली, दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग २६ नोव्हेंबरच्या रात्री आर्वेन वादळ आलं. ब्रिटनच्या उत्तर भागात लाखो घरांची वीज गेली, आमची शुक्रवारी रात्री गेली ती सोमवारी संध्याकाळी आली. घर तापवणारा बॉयलर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंप आणि सर्किट विजेवर, त्यामुळे तोही बंद. शनिवारी सकाळी घरात ११ अंश. गॅसची शेगडी मात्र काडीने पेटत होती, तेवढाच आधार.

त्या तीन दिवसांत आम्ही जे केलं ते बरोबर केलं, हे नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. खारीकला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याचं तोंड बांधलं आणि तो थर्माकोलच्या खोक्यात ठेवला. खोक्याच्या दुसऱ्या टोकाला गरम पाण्याची रबरी पिशवी, दोन टॉवेलांत गुंडाळलेली, अभ्र्याला टेकणार नाही अशी. दर चार तासांनी पाणी बदलायचं. खोक्यात पेशंट थर्मामीटरसारखं छोटं डिजिटल यंत्र ठेवलं होतं, ते २२ ते २५ दाखवत राहिलं. खायला दिलं नाही. सापाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. पोटात उंदीर असताना अंग गार पडलं की तो पोटातच कुजायला लागतो आणि साप उलटून टाकतो, त्यात जिवावर बेतू शकतं. नशिबाने तिचं शेवटचं खाणं आदल्या रविवारचं होतं. निरोगी रॉयल पायथन दोन-तीन दिवसांचा गारठा काढू शकते. गारठा हळूहळू अंगावर येतो, माणसाला विचार करायला वेळ देतो. उष्णता तसा वेळ देत नाही, हे मला त्या आठवड्यात कळायचं होतं.

सोमवारी संध्याकाळी वीज आली. आम्ही सगळे दमलेले, फ्रिजमधलं खराब झालेलं काढत होतो, कपड्यांचा ढीग होता. अर्णवने पेटी पुसून काढली होती. मी घाईघाईत भुसा घातला, लपण ठेवलं, वायर मागे चिकटवली, मॅट चालू केली. लाल दिवा लागला. खारीक सरळ लपणात गेली.

मंगळवारी लाल दिवा लागलेला होता. बुधवारीही, गुरुवारीही. जाता-येता मी तो पाहत होते आणि मनात म्हणत होते, घर अजून पुरतं तापलेलं नाही. कारखान्यात एखादा हीटर चार दिवस सलग पूर्ण ताकदीवर चालला असता तर पहिल्या तासात मी खाली धावत गेले असते. घरात तोच दिवा मला कुणी घरी असल्यासारखा वाटत राहिला.

शुक्रवारी खवले पाहिल्यावर मी कामाच्या बॅगेतली इन्फ्रारेड बंदूक काढली, रोखली की तापमान दाखवणारी. लपण उचललं. खाली भुसा नव्हताच, तिने अंगाने तो बाजूला सारून थेट प्लास्टिकच्या थरापर्यंत बसायला जागा केली होती. बंदूक रोखली, ४६ अंश. दोन बोटं बाजूला, भुशावर, ३१. काट्याचं थर्मामीटर काचेवर चिकटलेलं, ते २७ दाखवत होतं. आणि सेन्सर? ओल्या भिंतीवर लावलेला चोषक निसटला होता, वायर मागून सरकत पाण्याच्या भांड्याशेजारी येऊन पडली होती. तिथे २४ अंश. थर्मोस्टॅटला उजवा कोपरा दिसतच नव्हता. त्याला भांड्याशेजारची गार हवा दिसत होती, आणि तो इमाने इतबारे ती ३१ करायच्या मागे लागला होता.

सरपटणाऱ्या प्राण्यांना तपासणाऱ्या डॉक्टर न्यूकॅसलच्या पलीकडे, तासाभरावर मिळाल्या. त्यांनी भिंगातून पाहिलं. आज दिसतंय तेवढंच भाजलंय असं समजू नका, म्हणाल्या, सापाच्या भाजल्याची खरी हद्द कळायला आठवडा-दहा दिवस जातात. वेदनाशामक इंजेक्शन दिलं, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम दिलं. भुसा पूर्ण काढायचा, खाली पांढरा किचन पेपर, रोज बदलायचा. आणि पेटी उबदार ठेवायची, कारण गार अंगात जखम भरत नाही. ज्या उबेने भाजलं तीच आता औषध होती, फक्त मोजून. अर्णव सगळं वहीत लिहून घेत होता, त्याचा हात थरथरत होता.

मी त्यांना विचारलं ते प्रत्येक जण विचारतो, की इतकं गरम होतं तर ती उठून गेली का नाही. अजगरांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खळग्या असतात. अंधारात उंदराच्या अंगाची ऊब त्यांना त्या खळग्यांतून जाणवते. असा प्राणी पोटाखालच्या ४६ अंशांवर बसून राहतो? त्यांनी सांगितलं, पोटाखालून येणाऱ्या उष्णतेपासून साप नेहमी वेळेत दूर होत नाहीत, अशा जखमा त्या पुन्हापुन्हा पाहतात. मग त्यांनी मलाच विचारलं, "दुसरं लपण कुठे होतं?" नव्हतं. डाव्या बाजूला वेल होती, लपायला जागा नव्हती. बिळात राहणारा लाजाळू प्राणी. त्याच्यापुढे आम्ही दोनच पर्याय ठेवले होते, गार पण उघडं, किंवा काळोख पण तापलेला. तिने काळोख निवडला. मी सेन्सरचा विचार करत गाडीत बसले होते, परतताना लपणाचा विचार करत आले.

त्या रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलले. आई मिरजेजवळच्या खेड्यात राहते, ती सापाला नागोबाच म्हणते, जात कुठलीही असो. तिला आधी सांगायचं नव्हतं, पण अर्णवचा चेहरा बघून तिने काढून घेतलंच. ती म्हणाली, "आपण कोंबडीची पिल्लं डालग्याखाली ठेवायचो, बल्ब लावून, तेव्हा कधी आकडा बघितला होता का? पिल्लं बल्बाखाली गोळा झाली की गारठलीत, लांब जाऊन चोच उघडून बसली की तापलीत. जनावराकडं बघ." मी म्हटलं, आई, पिल्लू पळतं, हे पळालं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पिल्लाला पळायला डालग्यात जागा असते."

पुढचे पंधरा दिवस मी पेटी नव्याने मांडली. खारीक तोवर एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात, किचन पेपरवर, माझ्या डोळ्यांसमोर. डब्याच्या एका अर्ध्याखाली बाहेरून लहान मॅट, सेन्सर मॅटलाच घट्ट बांधलेला, आणि आकडा २९ च्या वर जाऊ दिला नाही.

आधी थर्मामीटरं तपासली. घरात चार होती. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका थर्मासमध्ये घालून ढवळलं, पाच मिनिटं थांबले आणि ज्यांना वायर होती ती टोकं त्यात बुडवली. बरोबर असेल तर शून्य दाखवायला हवं. एकाने ०.२ दाखवलं, एकाने ०.४, एकाने २.१. तिसरं फेकलं नाही, त्यावर चिठ्ठी लावून दुसऱ्या कामाला घेतलं. काट्याचं, चिकटवायचं थर्मामीटर मात्र टाकून दिलं. ते भिंतीची हवा सांगतं, साप भिंतीवर नसतो. इन्फ्रारेड बंदुकीबद्दलही एक सांगते, कारण हौशी लोक तिच्यावर फार विसंबतात. ती पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही. काचेतून रोखली तर काचेचं सांगते. चकचकीत स्टीलच्या भांड्यावर रोखली तर भलतंच काहीतरी सांगते. काच सरकवून, भुशावर किंवा दगडावर, जवळून रोखायची.

मॅट काढून टाकली. तिच्या जागी छताला सिरॅमिक हीटर, शंभर वॉटचा. तो उजेड देत नाही, फक्त ऊब, आणि ऊब वरून येते, सूर्यासारखी. त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जातो, म्हणून भोवती तारेची जाळी लागतेच, आणि होल्डर प्लास्टिकचा चालत नाही, चिनी मातीचाच लागतो. रॉयल पायथन जमिनीवरची, ती छताला कशाला जाईल, असं मला एकाने दुकानात सांगितलं. खारीक वेलीवरून जाळीपर्यंत पोचलेली मी नंतर स्वतः पाहिली आहे. त्या जाळीचे खिळे मी महिन्यातून एकदा हलवून पाहते.

थर्मोस्टॅट बदलला. आधीचा नुसता चालू-बंद करणारा होता, त्यात तापमान वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. नवीन पल्स पद्धतीचा, विजेचे छोटे छोटे झटके देत आकडा स्थिर धरतो. सेन्सर चोषकाने लावला नाही. चिकटपट्टीने तर मुळीच नाही, पेटीत चिकटपट्टी सुटली की सापाच्या खवल्यांना चिकटते आणि काढताना कातडी सोलते. लाकडात दोन स्क्रू मारून वायर क्लिपमध्ये आवळली, टोक उजव्या लपणाशेजारी, सापाच्या पाठीच्या उंचीवर.

आणि मग जे कारखान्यात असतं आणि माझ्या घरात नव्हतं ते लावलं. भट्टीला एक कंट्रोलर असतो आणि त्याच्याशी काहीही संबंध नसलेला दुसरा, ज्याचा सेन्सर वेगळा, वायर वेगळी, काम एकच, ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की वीज तोडायची. जुना चालू-बंद थर्मोस्टॅट मी त्या कामाला लावला. भिंतीतून वीज आधी त्याच्यात, त्याच्यातून पल्स थर्मोस्टॅटमध्ये, तिथून हीटरला. त्याची खुंटी ३५ वर. त्याचा सेन्सर लपणाच्या डोक्यावर, साप एरवी जिथे बसतो त्यातली सर्वांत तापणारी जागा. खरेदीची पावती पाहिली तर नवीन खर्च एका थर्मोस्टॅटचा, जुना घरात होताच.

हे चालतं का, ते रिकाम्या पेटीत तपासलं. अर्णवने मुख्य सेन्सर काढून गार पाण्याच्या कपात टाकला, म्हणजे डिसेंबरमध्ये जे चुकून झालं ते मुद्दाम केलं. आम्ही दोघं समोर बसलो. लपणाच्या डोक्यावर ३२, ३३, चाळीस मिनिटांनी ३४. मग ३५ वर टक् असा आवाज आला आणि दोन्ही दिवे विझले. अर्णव काही बोलला नाही, त्याने वहीत वेळ लिहिली.

नंतरचे तीन दिवस दर तासाला सहा ठिकाणचे आकडे. रात्रीचे मी घेतले. उजव्या लपणात भुशावर ३१ ते ३२, उजवीकडची हवा २९, मध्ये २७, डाव्या लपणात २५, रात्री सगळीकडे दोन अंश खाली. हो, डावं लपण. उजव्यासारखंच हुबेहूब दुसरं घेतलं, त्याच मापाचं, त्याच रंगाचं, त्यामुळे निवड फक्त उबेची राहिली. थर्मोस्टॅटवर लावलेला आकडा आणि भुशावरचा आकडा एक कधीच नव्हते, अडीच अंशांचा फरक होता. तो फरक प्रत्येक पेटीत वेगळा असतो आणि मोजल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे कुणी विचारायला आलं की थर्मोस्टॅट कितीवर लावू, तर मी सांगतच नाही. साप जिथे बसतो तिथे किती आहे, ते आधी मला सांग, म्हणते.

खारीक २२ डिसेंबरला पेटीत परतली. पहिली रात्र उजवीकडे काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी डावीकडे गेली, संध्याकाळी परत उजवीकडे. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आता पळायला लागलं."

जखम मात्र लवकर भरली नाही. जानेवारीत कात टाकली तेव्हा भाजलेल्या जागेची कात अडकून राहिली. ओढायची नाही, असं बजावलेलं होतं, ओढली नाही. ओलसर मॉस घातलेल्या डब्यात तिला काही तास ठेवलं, मग ती सुटली. भाजलेला साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो, आणि प्रत्येक कातीबरोबर जखम थोडी सुधारते. एप्रिलमध्ये तिसरी कात निघाली तेव्हा खाली कोरडी, बंद कातडी होती. चार खवले आक्रसलेले, एकमेकांत मिसळल्यासारखे, ते तसेच राहिले.

त्याच वर्षी जुलैत उलटा पेच आला. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्ज्बी इथे ४०.३ अंश नोंदले गेले, ब्रिटनमधला तोवरचा उच्चांक. आमच्याकडेही पारा पस्तिशीच्या वर. सांगलीच्या माणसाला एप्रिलची दुपार वाटावी असा आकडा, पण इथली घरं ऊब आत धरून ठेवायला बांधलेली. पंखा छताला नसतो, भिंती रात्रीही गार होत नाहीत. हीटर सकाळपासून बंदच होता, तरी पेटीच्या डाव्या, गार बाजूला दुपारी एकला ३१ दिसले. गार बाजूच जर ३१ असेल तर सापाला जायला जागा उरत नाही. तिला डब्यात घालून खाली, स्वयंपाकघराच्या फरशीवर आणलं, उत्तरेच्या भिंतीला लागून. पडदे ओढले. डब्याच्या बाहेरून एका बाजूला ओला टॉवेल, त्यात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली, दुसरी बाजू मोकळी. पाण्याचं भांडं मोठं ठेवलं. बर्फाचं पाणी अंगावर ओतायचं नाही, पंख्याचा झोत अंगावर सोडायचा नाही. तोंड उघडून श्वास घेते का, सैरभैर फिरते का, एवढं दर अर्ध्या तासाने पाहत राहिले. फरशीजवळ २७ च्या वर गेलं नाही. रात्री अकराला ती भांड्यात जाऊन बसली, नुसतं डोकं बाहेर.

अर्णव गेल्या सप्टेंबरात विद्यापीठात गेला. वसतिगृहात साप चालत नाही, आणि ही जात पंचवीस-तीस वर्षं जगते, तेव्हा खारीक माझ्याकडे आहे. नोंदींची ही तिसरी वही, आता माझ्या अक्षरात. रविवारी त्याचा फोन येतो. जेवलीस का, आजी कशी आहे, हे नंतर. आधी विचारतो, "उजवीकडे किती?"

मी फोन खांद्याशी धरून काच सरकवते, बंदूक रोखते आणि वाचून सांगते. काल साडेएकतीस होते. ती डावीकडे होती.